लेक कॉलेजात लॅक्रॉसची असिस्टंट कोच आहे: पुढची वाट कोणती? (जरा लांबलचक लिहिलंय)

आंबेमोहोर | १२ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून मावशीचा फोन होता. सगळ्यांची चौकशी झाल्यावर तिने विचारलं, "आणि आपली बाई अजून खेळतेच का गं?" मी म्हटलं, "खेळत नाही मावशी, शिकवते." त्यावर ती म्हणाली, "म्हणजे पीटीची बाई?" मी हो म्हणून फोन ठेवला. मनाला मात्र लागून राहिलं. चार वर्षं पोरगी जे काम करते ते मला नीट सांगताच आलं नाही. इथे सविस्तर लिहावं असं तेव्हाच ठरवलं. शिवाय एक खरा प्रश्नही आहे, तो शेवटी विचारते.

आधी खेळाबद्दल. लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोल करायचा. हा खेळ मूळचा इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासींचा, त्यांच्यातले हौडेनोशोनी लोक आजही तो देवाने दिलेला खेळ मानतात. बायकांचा कॉलेजचा खेळ पुरुषांपेक्षा बराच वेगळा आहे. मैदानात गोलकीपर, म्हणजे गोलीसह १२ जणी. पुरुषांसारखं अंगावर जाऊन धडकायचं नाही, त्यामुळे गोली सोडून कोणीही पुरुषांसारखं शिरस्त्राण घालत नाही, डोळ्यांना जाळीचे गॉगल आणि दातांना गार्ड एवढंच. १५ मिनिटांचे चार भाग. चेंडू हातात आला की ९० सेकंदांत गोलवर मारा करायचा.

माझी लेक एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजात बचावाची कोच आहे. हेड कोचच्या हाताखाली तिघी, त्यांतली एक ही. मार्चमधला तिचा एक दिवस सांगते. सकाळी साडेसहाला मुलींचा जिममधला व्यायाम, ही हजर. मग ऑफिसात बसून पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या तीन मॅचचं व्हिडिओ चित्रण कापायचं: कोणती मुलगी डावीकडूनच आत घुसते, कोण दमली की पास चुकवते, फ्री पोझिशनला, म्हणजे फाऊलनंतर मिळालेल्या मोकळ्या माऱ्याला, कोण खाली मारते. दुपारी दोन बचावपटूंना वेगळं बोलावून अर्धा तास पायांची हालचाल. मग दोन तास संघाचा सराव. संध्याकाळी हायस्कूलच्या मुलींच्या ईमेल वाचायच्या. रात्री बसचं वेळापत्रक, हॉटेलची यादी, कोणाची परीक्षा चुकतेय त्याची प्राध्यापकांना पत्रं. खेळाडूंवर हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, कोचवर कसलीच नाही.

आता प्रश्न. तिला एका डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसऱ्या गटातल्या, कॉलेजाने हेड कोच म्हणून विचारलंय. लहान गाव, लहान कॉलेज. इथे राहिली तर हीच हेड कोच तिला पहिली असिस्टंट करेल. वय २६. "आई, तुला काय वाटतं?" असं तिने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कोणी या क्षेत्रात आहे का? किंवा कुठल्याही खेळाचं प्रशिक्षण देणारं?

---

कृष्णाकाठ | १३ जून, सकाळी ७:०५

ताई, फार मनापासून लिहिलंय. मी सांगली जिल्ह्यात २१ वर्षं खो-खो शिकवतोय. लॅक्रॉस कधी पाहिला नाही, पण तुमच्या लेकीचा दिवस वाचून अगदी ओळखीचा वाटला. आमच्याकडेही तालमीत वस्तादांचं नाव होतं, पण पोरांना पहाटे उठवून डाव घटवून घेणारा जुना मल्ल वेगळाच असतो. पोरं त्याच्याच हातून घडतात.

एक विचारतो. असिस्टंटच्या कामाने निकाल बदलतो हे दिसतं का कुठे? की सगळं हेड कोचच्या नावावर जमा होतं? तुम्ही त्या खेळातली एखादी गोष्ट उदाहरण म्हणून सांगितलीत तर आम्हाला कळेल.

---

आंबेमोहोर | १३ जून, सकाळी ८:३०

कृष्णाकाठ दादा, दिसतं, आणि सगळ्यात लख्ख दिसतं ते ड्रॉमध्ये.

प्रत्येक गोलनंतर चेंडू पुन्हा मधोमध येतो. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, काठ्या कमरेच्या वर आडव्या धरलेल्या, जाळ्या पाठीला पाठ लावून आणि मधे चेंडू दाबलेला. शिट्टी झाली की दोघी काठ्या वर खेचतात, चेंडू दोघींच्या डोक्यावरून उडायला हवा. त्याच्या खाली जी आधी पोचेल तिच्या संघाचा ताबा. म्हणजे गोल करून पुन्हा ड्रॉ जिंकला की समोरच्यांना चेंडू दिसतच नाही. पाच गोलांची आघाडी चार मिनिटांत पुसली गेलेली मी पाहिली आहे. मनगट किती वळवायचं, वजन कोणत्या पायावर, चेंडू मुद्दाम कोणाच्या दिशेने उडवायचा, हे महिनोन्‌महिने एकेका मुलीबरोबर बसून शिकवावं लागतं. बऱ्याच संघांत हे खातं एखाद्या असिस्टंटकडेच असतं.

केला ट्रेनर हे नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. सिरॅक्यूज विद्यापीठाची मोठी खेळाडू, ड्रॉमधली तर जबरदस्त. खेळणं संपल्यावर ती बॉस्टन कॉलेजात असिस्टंट झाली. २०२१ च्या अंतिम सामन्यात बॉस्टन कॉलेजने सिरॅक्यूजलाच १६-१० ने हरवून पहिलं अजिंक्यपद घेतलं. आणि त्यानंतर काही आठवड्यांत सिरॅक्यूजने तिलाच हेड कोच म्हणून घरी बोलावलं. ज्या बाकावरून हरवलं त्या बाकावर हेड कोचचं नाव दुसऱ्याचं होतं, तरी असिस्टंटचं काम काय होतं ते सिरॅक्यूजला कळलं होतं.

माझी लेक बचाव शिकवते, ते काम आणखीच कमी दिसतं. बायकांच्या खेळात गोलकडे जाणारी वाट नुसती अंगाने अडवून उभं राहता येत नाही, तो धोका धरून शिट्टी होते. गोलसमोरच्या आठ मीटरच्या कंसात प्रतिस्पर्धी जवळ नसताना तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. डोक्याच्या आसपास काठी गेली तर कार्ड. मग बचाव करायचा कशाने? पायांनी. समोरचीच्या पुढे किती तिरकं उभं राहिलं की ती आपोआप तिच्या कमकुवत हाताकडे वळेल, हेच ती दिवसभर शिकवते. ते नीट जमलं की प्रेक्षकांना काहीच घडलेलं दिसत नाही, गोल झालेला नसतो एवढंच.

---

बाल्टिमोरकर | १३ जून, दुपारी १२:१५

वा, आमच्या गावच्या खेळावर मराठीत धागा! मी २२ वर्षं बाल्टिमोरला आहे, दोन्ही मुली शाळेत लॅक्रॉस खेळल्या. स्कॉटलंडमधल्या सेंट लेनर्ड्स शाळेत मुलींनी हा खेळ १८९० मध्ये सुरू केला आणि १९२६ मध्ये रोझाबेल सिंक्लेअर बाईंनी तो इथल्या ब्रिन मॉर शाळेत आणला. त्याला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतील.

आंबेमोहोर ताई, माझं स्पष्ट मत: हेड कोचची जागा घ्या. या खेळातली घराणी बघा, अगदी गाण्यातल्या घराण्यांसारखी आहेत. सिंडी टिमचल मेरीलँड विद्यापीठाच्या हेड कोच होत्या तेव्हा १९९५ ते २००१ सलग सात अजिंक्यपदं. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या केली अमाँटे हिलर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला गेल्या, २००२ मध्ये तिथे संघ नव्याने उभा केला आणि २००५ पासून सलग पाच वेळा जिंकल्या. कॅथी रीझ मेरीलँडलाच खेळल्या, तिथेच असिस्टंट राहिल्या, पण मग डेन्व्हरला तीन हंगाम हेड कोच म्हणून गेल्या. म्हणून २००६ मध्ये मेरीलँडची गादी रिकामी झाली तेव्हा त्या तयार होत्या. त्यानंतर पाच अजिंक्यपदं. नॉर्थवेस्टर्नच्या असिस्टंट ॲन एलियट कोलोरॅडोला गेल्या, तिथला संघ तर शून्यातून उभा करायचा होता.

बाहेर पडल्याशिवाय स्वतःचं काय आहे ते कळत नाही.

---

हिशेबनीस | १३ जून, दुपारी ३:५०

मी रोखठोक विचारतो, राग मानू नका. पैशाचं काय? कोणीच त्याबद्दल लिहिलं नाही.

---

आंबेमोहोर | १३ जून, रात्री १०:२०

राग कसला, विचारायलाच हवं.

पहिली दोन वर्षं तिला कॉलेजकडून पगार नव्हता. "व्हॉलंटिअर कोच" असं पदच होतं तेव्हा. काम बाकीच्यांइतकंच. कॉलेजबाहेर जाऊन खेळाडू निवडायची परवानगी मात्र नव्हती. उन्हाळी शिबिरांत शिकवून जे मिळेल ते, शिवाय संध्याकाळी दोन घरची मुलं सांभाळायची. खोलीत चौघी राहायच्या. एका फेब्रुवारीत तिची गाडी बर्फात बंद पडली आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. तिने आम्हाला सांगितलंच नाही, तीन आठवडे चालत जात होती. मला ते नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं. त्या रात्री मी आणि हे, दोघंही झोपलो नाही. आम्ही दिले असते हो. पण "शिकवण्याच्या कामावर मी जगू शकते का हे मला बघायचंय" असं तिचं म्हणणं.

२०२३ च्या जुलैपासून एनसीएएने (कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संस्था) डिव्हिजन वनमधलं ते बिनपगारी पद काढून टाकलं आणि त्या जागा नेहमीच्या कोचमध्ये धरल्या. तेव्हापासून तिला पगार आहे, आरोग्यविमा आहे. पगार शाळेतल्या नवख्या शिक्षिकेहूनही कमी. करार एका वर्षाचा. आणि ओव्हरटाइम नाही, कारण कायद्याच्या नजरेत ती शिक्षक ठरते. मावशीचं म्हणणं त्या अर्थी बरोबरच होतं.

---

हिशेबनीस | १३ जून, रात्री ११:०५

मोकळेपणाने सांगितलंत, आभार. मग आणखी एक ध्यानात ठेवा. हेड कोच बदलली की नवी येणारी आपली माणसं घेऊन येते आणि जुन्या असिस्टंट घरी. म्हणजे लेकीची नोकरी तिच्या स्वतःच्या कामावर नाही, दुसऱ्याच्या निकालावर टिकून आहे. शिवाय याच महिन्यात कोर्टाने खेळाडूंच्या दाव्यातला तो मोठा समझोता मंजूर केलाय, कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतील. तो पैसा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जाणार. बाकीच्या खेळांच्या कोचचं काय होतं ते बघावं लागेल.

---

विद्यापीठ_वारी | १४ जून, सकाळी ९:१०

मी एका कॉलेजच्या क्रीडा विभागात ऑफिसचं काम करते, कोच नाही, पण रोज त्यांच्यात वावरते. हिशेबनीस यांचा मुद्दा खरा आहे, तरी थोडी भर. समझोत्यात सामील होणाऱ्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांवरची जुनी मर्यादा जाऊन संघात किती खेळाडू ठेवायचे यावर मर्यादा येतेय. बायकांच्या लॅक्रॉसला आतापर्यंत १२ शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम होती, ती सगळ्यांत वाटायची. आता संघ ३८ चा. कॉलेजने ठरवलं तर ३८ जणींना देता येईल, नाही ठरवलं तर काहीच बदलणार नाही. आणि शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घालणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे, त्यामुळे बायकांचे संघ सहज बंद करता येत नाहीत. मला लगेच धोका दिसत नाही.

डिव्हिजन थ्रीबद्दल सांगते, कारण मी आधी तिथे होते. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच. मुली खेळतात त्या खेळायचं म्हणून. वातावरण सुंदर असतं. पण "हेड कोच" या शब्दाला भुलू नका. अनेक ठिकाणी त्याच कोचला दुसरं कामही असतं: शरद ऋतूत हॉकी संघाची असिस्टंट, नाहीतर जिमची व्यवस्था, नाहीतर मॅचच्या दिवशीचं सगळं आयोजन. लेकीला विचारायला सांगा: नोकरी दहा महिन्यांची की बारा? दुसरं काम कोणतं आणि ते करारात लिहिलंय का? असिस्टंट पूर्णवेळ मिळणार की अर्धवेळ? खेळाडू शोधायला प्रवासखर्च किती? आधीची कोच का गेली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसकडून नको, तिथल्या मुलींकडून घ्या.

आणि डिव्हिजन थ्रीला कमी समजू नका. तिथल्या मिडलबरी कॉलेजाचा खेळ एकदा बघा.

---

मुक्ता_न्यूजर्सी | १४ जून, दुपारी १:३०

माझी मुलगी आता नववीतून दहावीत जाईल. क्लबकडून खेळते. सगळे पालक घाबरवतात की आत्तापासून कोचना ईमेल नाही केल्या तर कॉलेज हातचं जाईल. आंबेमोहोर ताई, तुमची लेक त्या ईमेल खरंच वाचते का?

---

आंबेमोहोर | १४ जून, दुपारी ४:००

मुक्ता, वाचते. सगळ्या. पण उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून पोरीला खट्टू होऊ देऊ नकोस. डिव्हिजन वनमध्ये अकरावीच्या १ सप्टेंबरच्या आधी कोचना खेळाडूशी निवडीबद्दल बोलता येत नाही, फोन नाही, पत्र नाही. हा नियम २०१७ मध्ये आला. त्याआधी आठवीतल्या मुली कॉलेजला शब्द देऊन बसायच्या. तेरा वर्षांच्या पोरीला आपण काय शिकणार तेही माहीत नसतं! हा नियम व्हावा म्हणून स्वतः कोचच आग्रही होते.

लेक म्हणते, ईमेल छोटी असावी आणि पोरीने स्वतः लिहिलेली असावी. आईबाबांनी लिहिलेली लगेच ओळखू येते. कोणत्या दिवशी, कोणत्या मैदानावर, कितीचा सामना, अंगावरचा नंबर, एवढं ठळक हवं. व्हिडिओत फक्त गोल नकोत. चेंडू हातून गेल्यावर ती मागे पळते का, ते दिसू दे. मैदानाकाठी खुर्ची टाकून बसलेली असिस्टंट नेमकं तेच बघत असते, आणि बदली खेळाडू म्हणून बाहेर आल्यावर ती मैत्रिणीशी आणि आईशी कशी बोलते तेही.

---

खडू_फळा | १५ जून, सकाळी ६:४५ (भारतीय वेळ)

पुण्यातून लिहितेय. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं. क्रिकेट २०२८ च्या लॉस एंजेलिसला येणार म्हणून आपल्याकडे जल्लोष झाला. त्याच ठरावात लॅक्रॉसही होता, हे मात्र मला त्या दिवशी बातमीच्या शेवटच्या ओळीत कळलं. सहा-सहा जणांचा छोटा प्रकार आहे ना तो? छोटं मैदान असेल तर शाळांना जमण्यासारखं वाटतं. ताई, तुमची लेक कधी इकडे आली तर आमच्या मुलींना दाखवेल का?

---

आंबेमोहोर | १५ जून, सकाळी ८:१५

खडू_फळा, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. हो, सहा जणींचा, भराभर चालणारा.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही पुण्याला आलो होतो तेव्हा तिने बॅगेत दहा काठ्या कोंबून आणल्या होत्या. माझ्या भाचीच्या शाळेच्या मैदानावर तीन सकाळी शिकवलं. तिचं मराठी मोडकं आहे, "पाय आधी, काठी नंतर" हे एकच वाक्य तिने मला विचारून पाठ केलं होतं. झेलायला मुलींना वेळ लागला, पण हुलकावणी? खो-खो खेळणाऱ्या दोन मुली पहिल्याच दिवशी तिच्या अंगाजवळून निसटून गेल्या. ती थांबली, त्यांना पुन्हा पळायला लावलं, फोनवर चित्रण केलं आणि इथे आल्यावर आपल्या संघाला दाखवलं. खांद्याने एक दिशा दाखवून पायाने दुसरी घ्यायची, ते तिच्या बचावपटूंना आजही ती त्या मुलींच्या चित्रणावरून शिकवते.

कृष्णाकाठ दादा, हे खास तुमच्यासाठी.

---

कृष्णाकाठ | १५ जून, सकाळी ९:००

ताई, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या पोरींचे पाय अमेरिकेत शिकवले जातात! उद्या सकाळी मैदानावर सगळ्यांना वाचून दाखवतो.

---

आंबेमोहोर | १७ जून, रात्री ९:३०

मंडळी, निर्णय झाला. ती इथेच राहतेय.

विद्यापीठ_वारी यांचे सगळे प्रश्न तिने त्या कॉलेजला विचारले. त्यांनी नीट उत्तरं दिली, माणसं चांगली आहेत. नोकरी दहा महिन्यांची, जोडीला हॉकीचं काम, असिस्टंट अर्धवेळ. त्याचीही तिला हरकत नव्हती. कारण दुसरंच निघालं. गेल्या १ सप्टेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला तिने दोन मुलींना फोन केले होते. दोघी बचावपटू, वर्षभर ती त्यांचे सामने बघत होती. "तुम्हाला मी शिकवेन" असं तिने त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगितलं होतं. त्या पुढच्या वर्षी कॉलेजात येतील. "त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून दुसऱ्या कॉलेजांना नाही सांगितलं, मी त्या यायच्या आधीच कशी जाऊ?" असं म्हणाली. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं उरलंच नव्हतं.

---

बाल्टिमोरकर | १७ जून, रात्री १०:१०

तिच्या मनाचा मोठेपणा मान्य, तरी माझं मत बदललेलं नाही. अशा जागा वारंवार येत नाहीत. पण एक सांगतो, जेनी लेव्ही १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा संघ सुरू झाल्यापासून तिथेच आहेत आणि गेल्या महिन्यात २२-० असा हंगाम करून चौथं अजिंक्यपद घेतलं. एका जागी रुजूनही होतं. लेकीला माझ्या शुभेच्छा कळवा.

---

हिशेबनीस | १७ जून, रात्री १०:४०

राहतेय ना, मग आत्ताच दोन वर्षांचा करार मागायला सांगा. त्यांनी तिला पहिली असिस्टंट करायचं कबूल केलंय, हीच वेळ आहे. तोंडी नको, लेखी.

---

आंबेमोहोर | १८ जून, सकाळी ७:२०

सांगितलं. सोमवारी हेड कोचशी बोलणार आहे, मुद्दे कागदावर लिहून घेतलेत.

आत्ताच निघाली. तीन दिवसांची स्पर्धा आहे, एका वेळी पंधरा-सोळा मैदानांवर सामने चालतात, आणि उन्हात आठ-आठ तास बसायचं. खुर्ची, छत्री, वही, आणि मी दिलेल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. मुक्ता, तुझी मुलगी त्या स्पर्धेत असेल तर निळ्या छत्रीखाली दशमी खात बसलेली दिसेल, पण बोलायला जाऊ नका हं, नियमात बसत नाही. पोरीला म्हणावं, चेंडू गेला की मागे पळ.